‘आम्ही’ आणि ‘आपण’ : भाषिक चिन्हाचे मूल्य

एम.ए.च्या उत्तरपत्रिकांमध्ये सोस्यूरवरील प्रश्नाच्या उत्तरात एक विधान हमखास आढळते : ‘भाषिक चिन्ह यादृच्छिक असते.’ पाठोपाठ झाडाचे उदाहरण येते. मराठीत ‘झाड’, हिंदीत ‘पेड’, इंग्रजीत ‘ट्री’; वस्तू एकच, नावे तेवढी वेगळी. उत्तर येथे संपते आणि परीक्षकाला गुणही द्यावे लागतात. वस्तुतः या मांडणीतून सोस्यूरला जी कल्पना नाकारायची होती तीच मागील दाराने आत येते. जगात वस्तू आधीपासूनच अलग अलग मांडून ठेवलेल्या आहेत आणि भाषा त्यांना केवळ नावाच्या चिठ्ठ्या चिकटवते, अशी ती कल्पना होय. दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. यादृच्छिकतेचे प्रकरण आपण वर्गात सविस्तर शिकवतो आणि ‘मूल्य’ या संकल्पनेपाशी येईपर्यंत सत्र संपत आलेले असते. प्रस्तुत लेखात ही दुसरी संकल्पना मराठीतील एका सर्वनामयुग्माच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

फेर्दिनां द सोस्यूर (१८५७-१९१३) हा मुळात संस्कृतचा अभ्यासक. लाइपझिग विद्यापीठात त्याने सादर केलेला प्रबंध संस्कृतातील ‘सति षष्ठी’वर होता आणि जिनिव्हात तो संस्कृत शिकवीत असे. १९०७ ते १९११ या काळात सामान्य भाषाविज्ञानावर त्याने तीन व्याख्यानमाला दिल्या. त्यांच्या टिपणांवरून सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला ग्रंथ १९१६ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. मूल्याची कल्पना स्पष्ट करताना त्याने संस्कृताचाच दाखला घेतला आहे. संस्कृतात एकवचन, द्विवचन आणि बहुवचन अशी तीन वचने आहेत, फ्रेंचमध्ये दोनच. म्हणून दोन्ही भाषांतील बहुवचनाचे मूल्य सारखे नाही. दोन डोळ्यांसाठी फ्रेंच भाषक बहुवचन वापरतो, संस्कृतात तेथे द्विवचन उभे असते. शेजारी कोण आहे यावर पदाची व्याप्ती ठरते. फ्रेंच ‘मूतों’ मेंढीलाही चालतो व तिच्या मांसालाही; इंग्रजीत मात्र जिवंत मेंढीसाठी ‘शीप’ आणि ताटातल्या मांसासाठी ‘मटन’. (तोच शब्द मराठीत ‘मटण’ होऊन आला आणि बहुतेक घरांत बकऱ्याच्या मांसासाठी रूढ झाला. मेंढी मागे राहिली, शब्द पुढे गेला.)

अर्थ भेदातून सिद्ध होतो, हा विचार भारतीय परंपरेला अपरिचित नव्हता. दिङ्नागाचा अपोहवाद शब्दाचे कार्य ‘अन्यव्यावृत्ती’ मानतो : ‘गो’ शब्द गोत्व नावाचे सामान्य दाखवत नाही, गो नसलेल्या सर्वांना बाजूला सारतो. हे साम्य लक्षवेधक असले तरी ‘सोस्यूर आमच्याकडे आधीच होता’ असे म्हणण्याचा मोह टाळावा. दिङ्नागाचा प्रश्न प्रमाणशास्त्राचा आहे. सामान्याचे अस्तित्व नाकारणे हे त्याचे प्रयोजन. सोस्यूरचा प्रश्न एका विशिष्ट भाषेच्या व्यवस्थेचा आहे.

आता मराठीकडे वळू. ‘आम्ही उद्या नाशिकला जाणार आहोत’ आणि ‘आपण उद्या नाशिकला जाणार आहोत’ या दोन वाक्यांतील भेद मराठी घरातले लहान मूलही जाणते. पहिले वाक्य ऐकून ते हिरमुसते, दुसरे ऐकून पिशवी भरायला धावते. ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. हिंदीतील ‘हम’ आणि इंग्रजीतील ‘वुई’ यांच्यात असा विभाग नाही. संस्कृतात ‘आवाम्’ आणि ‘वयम्’ असा भेद होता. पण तो संख्येचा, श्रोत्याच्या समावेशाचा नव्हे. मराठीने द्विवचन सोडले आणि ‘आत्मन्’पासून आलेल्या ‘आपण’ला नवे काम दिले. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ हीच जोडी आहे. तमिळ व तेलुगू या भाषांतही असा भेद असल्यामुळे अभ्यासक त्याचा संबंध द्राविड भाषांच्या सहवासाशी जोडतात.

येथे सोस्यूरचा मुद्दा हातात धरता येण्याइतका स्पष्ट होतो. ‘आम्ही’ म्हणजे ‘हम’ अशी नोंद द्वैभाषिक कोशात असते आणि व्यवहारापुरती ती बरोबरही आहे. परंतु मूल्याच्या दृष्टीने ती चुकीची आहे, कारण ‘हम’च्या शेजारी ‘आपण’ उभे नाही. ‘आम्ही’मधील वगळण्याचा अर्थ त्या ध्वनींत नाही, बाहेरच्या कोणत्याही वस्तूत नाही; तो शेजारच्या पदामुळे आलेला आहे. उद्या मराठीतून ‘आपण’ नाहीसे झाले तर ‘आम्ही’चा उच्चार तोच राहील, अर्थ मात्र बदललेला असेल.

‘आपण’चे काम एवढ्यावर संपत नाही. ते आत्मवाचक आहे (‘तो आपण होऊन आला’), आदरार्थी द्वितीय पुरुषही आहे (‘आपण बसावे’), आणि मुंबईच्या बोलीत चक्क ‘मी’ही आहे (‘आपल्याला नाही जमणार’). एवढे अर्थ असूनही गोंधळ होत नाही, कारण क्रियापद निवाडा करते : ‘आपण जाऊ’, ‘आपण जाल’. परंतु कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि हा आधार सुटू शकतो. ‘आपण हा निर्णय घेतला’ या वाक्यात निर्णय आपण सर्वांनी घेतला की समोरच्या आदरणीय व्यक्तीने, हे वाक्य सांगत नाही. सभांच्या इतिवृत्तांत या वाक्याचा उपयोग किती सोयीचा असतो, हे महाविद्यालयात नोकरी करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

बाँव्हनिस्तने १९४६ च्या एका लेखात दाखवले आहे की, ‘आम्ही’ हे ‘मी’चे अनेकवचन नव्हे. घोडे अनेक असतात तसे ‘मी’ अनेक नसतात. बोलणारा एकच असतो आणि तो स्वतःभोवती कोणाकोणाला गोळा करतो, एवढेच. मराठीत ही गोळाबेरीज प्रत्येक वेळी उघड करावी लागते.

मग मराठी भाषकाचा विचारच हिंदी भाषकाहून निराळा घडतो काय? असा निष्कर्ष घाईचा ठरेल. हिंदी भाषकालाही श्रोत्याला वगळणे कळते आणि गरज पडल्यास तो ते दोन शब्द अधिक वापरून सांगतो. याकबसनने १९५९ मध्ये या संदर्भात केलेला भेद मला सर्वांत उपयुक्त वाटतो : भाषांमधला फरक काय सांगता येते यात नसून काय सांगावेच लागते यात आहे. संविधानाच्या उद्देशिकेचे उदाहरण घ्यावे. इंग्रजी पाठातील ‘वुई’ मराठीत आणताना अनुवादकाला निवड टाळता येणे शक्य नव्हते, आणि मराठी पाठ ‘आम्ही’ने सुरू होतो. वास्तविक हे संविधान लोक स्वतःलाच अर्पण करतात. वक्ता आणि श्रोता एकच. त्या न्यायाने ‘आपण’ही शोभले असते. पण ‘आपण’ने ते आपसातले बोलणे झाले असते. ‘आम्ही’ने ती घोषणा झाली, कोणाला तरी उद्देशून आणि कोणाच्या तरी समोर उभे राहून केलेली. इंग्रजी पाठात न उमटलेला हा प्रश्न मराठी पाठाने निर्माण केला आहे.

सर्वांत अस्वस्थ करणारा वापर मात्र दैनंदिन बोलण्यातला आहे. लग्नाची बोलणी चालू असताना ‘मुलगा आपल्यातला आहे ना?’ असे विचारले जाते, तेव्हा जातीचे नाव घेण्याची गरज राहत नाही. समावेशाचे सर्वनाम येथे वगळण्याचे काम करते आणि तेही इतक्या आपुलकीने की, बोलणाऱ्याला आपण काही वगळले असे वाटतही नाही. खोली भाड्याने घेताना, पंक्तीत, नोकरीच्या ठिकाणीही हा ‘आपल्यातला’ भेटतो. ज्याला तो लागू नाही, त्याच्या तोंडी उत्तरादाखल ‘आमच्यात’ येते.

दलित आत्मकथने शिकवताना आपण अनुभवाच्या दाहकतेबद्दल पुष्कळ बोलतो. सर्वनामांबद्दल जवळपास काहीच नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाची रचनाच पाहावी. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा दोघेही एकाच देहात. अशा संहितेत ‘आम्ही’ आले की त्यातून ऐकणारा दया वगळला जातो काय, आणि ‘आपण’ आले की त्यात दगडू व दया या दोघांखेरीज पुस्तक हातात घेतलेला वाचकही धरायचा काय, हे प्रत्येक स्थळी स्वतंत्रपणे तपासावे लागेल. पदव्युत्तर वर्गाला लघुप्रबंधासाठी हे काम देण्याजोगे आहे. त्यासाठी संहिता आणि पेन्सिल पुरेशी आहे.