न विचारलेले प्रश्न

१९३४ साली मुंबईच्या न्यायालयात एका मराठी मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. मासिक होते ‘समाजस्वास्थ्य’, संपादक रघुनाथ धोंडो कर्वे, आणि त्यांच्या बाजूने उभे होते बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. ज्या मजकुराबद्दल फिर्याद झाली ती काही शृंगारकथा नव्हती. हस्तमैथुनासारख्या विषयांवर वाचकांनी विचारलेल्या शंकांना संपादकाने दिलेली ती उत्तरे होती. शंका ज्ञानानेच फिटते, तेव्हा विचारणाऱ्यास उत्तर दिलेच पाहिजे, असा आंबेडकरांच्या युक्तिवादाचा रोख होता. कर्वे खटला हरले व त्यांना दंड झाला. मासिक मात्र १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूपर्यंत, निघतच राहिले.

ज्या गोष्टी त्या वाचकांना पत्र लिहून विचाराव्या लागल्या, त्या वस्तुतः शाळेत सांगण्याजोग्या आहेत. मेंदूच्या तळाशी असलेला एक लहानसा भाग शेजारच्या वाटाण्याएवढ्या पोषग्रंथीला रासायनिक संदेश धाडू लागला, की मूल वयात येऊ लागते. मुलींत हा आरंभ साधारणतः ८ ते १३ आणि मुलांत ९ ते १४ या वयात होतो. मुलीच्या गर्भाशयाचे अस्तर दरमहा तयार होते; गर्भ न राहिल्यास ते रक्तावाटे बाहेर पडते. मुलाच्या शरीरात शुक्रपेशी सतत उत्पन्न होत असतात आणि कधी झोपेत वीर्यस्खलन होते. त्याने शक्ती जात नाही की आयुष्य घटत नाही. अपत्य मुलगा की मुलगी, हे पित्याच्या शुक्रपेशीतील एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरते. एवढे एक वाक्य वेळीच शिकविले गेले असते, तर मुली झाल्या म्हणून किती सुनांचा छळ टळला असता!

अनुवादकास येथे एक अडचण वारंवार जाणवते. झोपेतील त्या निरुपद्रवी घटनेला आपण ‘स्वप्नदोष’ म्हणतो, म्हणजे नावातच दोष ठेवतो. पाळी आली तर ‘कावळा शिवला’. अवयवांची नावे एक तर शिवीत सापडतात, नाही तर जड संस्कृतात. घरात मोठ्याने उच्चारता येईल असा मधला शब्द मुलाच्या हाती कोणी देत नाही. भोंदू वैदूंच्या जाहिरातींना मात्र शब्दांची वाण कधीच पडली नाही.

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुऱ्यात नोकरीनिमित्त वसलेल्या मराठी कुटुंबांत ही अडचण दुहेरी होते. तेथील वर्गात कानडी, तेलुगू, तमिळ, हिंदी बोलणारी मुले शेजारी बसतात. शब्द शाळेच्या भाषेत कानावर आलाच, तरी तो घेऊन मराठी घरी आईपाशी जाता येत नाही. वास्तविक या प्रांताची परंपरा धीट आहे. १९३० सालीच म्हैसूर संस्थानाने संततिनियमनाची सरकारी केंद्रे उघडण्याचा निर्णय घेतला होता. पुढे २००७ साली महादेवपुरा बृहत् बंगळूर महानगरपालिकेत सामील झाले. त्याच वर्षी केंद्र शासनाचा पौगंडावस्था-शिक्षणाचा कार्यक्रम कर्नाटकाने रोखला, आणि कर्व्यांच्या महाराष्ट्रानेही. अशा शिक्षणाने मुले बिघडतील, ही भीती त्यामागे होती. युनेस्कोने २०१८ साली सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत मात्र अनेक देशांतील अभ्यास पडताळून असा निर्वाळा दिला आहे, की या शिक्षणाने शरीरसंबंध लवकर सुरू होत नाहीत. वयाच्या पाचव्या वर्षापासून, समजेल तेवढेच, सांगत जावे असे ती सुचविते. पाच वर्षांच्या बालकास गर्भधारणेचा तपशील नको असतो; आपले शरीर आपले आहे, आणि कोणी नकोसा स्पर्श केला तर तो सांगायचा असतो, एवढे त्याला पुरते. २०२४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही व्यापक लैंगिक शिक्षणाची योजना विचारात घेण्यास केंद्र शासनास सुचविले.

सांगायचे, पण कोणत्या शब्दांत? बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२ साली झाला. शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, बालकाच्या घरी जाऊन त्याचा जबाब घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. तो आईवडिलांच्या किंवा बालकाचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या समक्ष नोंदवावा, आणि बालक जसे बोलेल तसाच लिहून घ्यावा.