पिकअपमागे ट्रेलर जोडताय? आधी वजनकाट्यावर या

कबनूर, इचलकरंजी भागातल्या नवउद्योजकांचा एक प्रश्न हमखास असतो. "सर, पिकअप घेतलीय, हप्ते चालू आहेत. मागं एक ट्रेलर जोडला तर एका खेपेत डबल माल जाईल की!"

हिशेब कागदावर छान दिसतो. शिवाय गळीत हंगामात आपण रोजच बघतो, एक ट्रॅक्टर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत पंचगंगा नाहीतर जवाहर कारखान्याकडं चाललेला असतो. मग पिकअपला काय झालं? तर मंडळी, ट्रॅक्टर ओढण्यासाठीच बनवलेला असतो आणि हळू चालतो. पिकअप पाठीवर माल घेण्यासाठी बनवलेली असते आणि रस्त्यावर ६०-७० नं पळते. यूट्यूबवर अमेरिकेतली फोर्ड एफ-१५० पाच-सहा टन ओढताना दिसते, पण तिथं कंपनी ओढायच्या वजनाचा आकडा लेखी देते आणि जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असा आकडा नसेल, तर कंपनीची परवानगी नाही असंच धरून चाला. गॅरेजवाला हूक वेल्ड करून देतो म्हणून चेसीची ताकद वाढत नाही.

आता मुख्य गोष्ट, ब्रेक. ट्रेलरला ब्रेक नसेल तर त्याचं सगळं वजन पिकअपच्या ब्रेकवर येतं. वेग ४० वरून ६० केला की गाडीत साठलेली ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोची मर्यादा आहे, ती उगाच नाही. एक टन वजनाचा जनरेटर बिनब्रेकच्या ट्रेलरवर घालून आंबा घाट उतरायचा विचार असेल, तर ती ऑर्डर सोडा. ब्रेकवाला ट्रेलर असला तरी घाट चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांना मी नमस्कार करतो, लांबूनच.

दुसरी गोष्ट, माल कुठं ठेवला. ट्रेलरच्या मागच्या टोकाला वजन गेलं की हूक वर उचलला जातो, पिकअपची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. एका आसाच्या ट्रेलरला साधारण नियम असा, की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यावा.

हे मोजायचं कसं? वजनकाट्यावर. समजा नुसती पिकअप चालकासह १,९०० किलो भरली. मग ट्रेलर जोडून, ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर ठेवून फक्त पिकअप तोलली, ती २,०२० आली. म्हणजे हुकावर १२० किलो. नंतर जोडलेल्या अवस्थेतच फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घेतली, १,०८० किलो. ट्रेलरचं एकूण वजन झालं १,२००, आणि हुकावरचा भार बरोबर १० टक्के. हे १२० किलो पिकअपच्या पाठीवरच्या मालात धरायचे, हे बरेच जण विसरतात. काट्याच्या पावतीला थोडेच पैसे लागतात, ती फाईलला लावून ठेवा.

चालताना ट्रेलर डुलायला लागलाच तर जोरात ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगनं त्याच्याशी भांडू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. मग बाजूला थांबून माल पुढं सरकवा. हुकाच्या खालून दोन साखळ्या एकमेकींना आडव्या जोडलेल्या असाव्यात. पीन तुटली तरी दांडा रस्त्यात रुतत नाही, साखळ्यांवर पडतो. निघण्याआधी टायरची हवा बघा, आणि दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून हबला हात लावा. चटका बसला तर बेअरिंग गेलं म्हणून समजा.

मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर तर हवेतच. रात्री अंधारात उभ्या ट्रॉलीवर दुचाकी आदळल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्याला नव्या नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागंही दिसला पाहिजे. विमा पॉलिसीत ट्रेलरचा उल्लेख आहे का ते स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी "होय"वर जाऊ नका. अपघातानंतर क्लेम अडकला तर भरपाई तुमच्या घरातून जाते. ओव्हरलोडला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. महिन्याच्या हप्त्याशी ताडून बघा.

मग धंदा म्हणून ट्रेलर घ्यावा का? माझं मत स्पष्ट आहे. सुताची पोती, बीम, कापडाचे तागे यांच्यासाठी नको. इचलकरंजीत माल जवळच जातो, दोन खेपा करा, किंवा ऑर्डर वाढली की मोठा टेम्पो भाड्यानं घ्या. जी वस्तू चाकांवरच ठेवायची असते, म्हणजे भाड्यानं द्यायचा जनरेटर, कॉम्प्रेसर, खाद्यपदार्थांची गाडी, तिथं ट्रेलर शोभतो. दिवसभर ती एका जागी उभी राहून कमावते आणि पिकअप तोवर दुसरं भाडं मारते. असा ट्रेलर घेताना ब्रेकसकट घ्या, आणि पहिले आठ दिवस रिकामा ट्रेलर मोकळ्या मैदानात रिव्हर्स घ्यायचा सराव करा. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवा. हात जिकडं जाईल, ट्रेलरचं शेपूट तिकडं जातं.