तबकडीवरून तबकडीकडे : फ्रँकी नकल्स आणि रिमिक्सची जडणघडण

अमेरिकेतील शिकागो शहराच्या नगर परिषदेने जून २०२३ मध्ये साउथ जेफरसन स्ट्रीटवरील २०६ क्रमांकाच्या तीन मजली इमारतीला वारसा वास्तूचा दर्जा दिला. या इमारतीत एकेकाळी ‘वेअरहाउस’ नावाचा नृत्यक्लब होता आणि तेथे फ्रँकी नकल्स हे डीजे तबकड्या वाजवीत असत. जगभर ‘हाउस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीतप्रकाराचे नाव याच क्लबवरून पडले, असे सामान्यतः मानले जाते. दुसऱ्यांची गाणी वाजविणारा माणूस संगीतकार कसा ठरतो, या प्रश्नाचे उत्तर नकल्स यांच्या वाटचालीत सापडते.

नकल्स यांचा जन्म १८ जानेवारी १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. वस्त्ररचनेचे शिक्षण घेत असतानाच बालमित्र लॅरी लेव्हन यांच्यासोबत ते क्लबच्या जगात आले. शिकागोत नवा क्लब उघडणारे रॉबर्ट विल्यम्स यांनी प्रथम लेव्हन यांना विचारले होते. त्यांनी नकार दिल्यावर ही संधी नकल्स यांच्याकडे आली आणि १९७७ मध्ये ते शिकागोला गेले. वेअरहाउसमध्ये येणारे श्रोते प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समाजातील, त्यातही बहुसंख्य समलैंगिक होते. अन्यत्र अवहेलना वाट्याला येणाऱ्या या तरुणांना तेथे निर्धास्तपणे एकत्र येता येत असे.

नकल्स यांची निवड कोणत्याही एका प्रकारात बसणारी नव्हती. फिलाडेल्फियाचे सोल, न्यूयॉर्कचे डिस्को आणि युरोपातील यंत्रनिर्मित संगीत एकाच रात्री कानावर पडे. इतके भिन्न संगीत एकसंध वाटावे, यासाठी डीजेला मिक्सिंगचे कसब लागते.

दोन टर्नटेबल आणि त्यांचे आवाज एकत्र आणणारा मिक्सर ही त्याची मूळ साधने. एक गाणे श्रोत्यांना ऐकू येत असताना डीजे दुसरे गाणे हेडफोनवर ऐकतो आणि त्याची गती पहिल्याशी जुळवून घेतो. १९७९ मध्ये बाजारात आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ या टर्नटेबलवर गती आठ टक्क्यांपर्यंत कमी-अधिक करणारी सरकपट्टी होती. मात्र केवळ गती जुळून भागत नाही. तबल्याच्या आवर्तनात सम चुकली की ऐकणाऱ्याला खटकते, तसेच येथेही दोन्ही गाण्यांची आवर्तने एकाच ठिकाणी सुरू व्हावी लागतात. हे साधले की नाचणाऱ्यांची पावले न थांबता एक गाणे दुसऱ्यात विरघळते.

मिक्सिंगची पुढची पायरी म्हणजे रिमिक्स. तीन-चार मिनिटांचे गाणे नृत्यासाठी अपुरे पडे. त्यामुळे ताल आणि वाद्यमेळ लांबवून त्याची वेगळी आवृत्ती तयार करण्याची गरज निर्माण झाली. वॉल्टर गिबन्स या डीजेने ‘डबल एक्स्पोजर’ या गटाच्या ‘टेन पर्सेंट’ गाण्याची नऊ मिनिटांहून अधिक लांबीची आवृत्ती तयार केली. १९७६ मध्ये ती विक्रीसाठी आली आणि सर्वसामान्य ग्राहकांसाठीची पहिली बारा इंची एकल तबकडी म्हणून तिची नोंद झाली. मोठ्या तबकडीवर खाचांमध्ये अधिक अंतर ठेवता येत असल्याने खर्जाचा आवाज अधिक भरदार उमटत असे.

यानंतर परिस्थिती पालटली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडविण्यात आल्या. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. या रोषामागे वर्णद्वेष आणि समलैंगिकांविषयीचा तिटकारा होता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पुढे मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरविली आणि नाचण्याजोग्या नव्या तबकड्यांचा ओघ आटला.

नकल्स यांनी या टंचाईवर स्वतःच तोड काढली. ते जुनी गाणी टेपवर घेत, फीत कापून जोडत आणि आवडता तुकडा पुन्हा पुन्हा येईल अशी नवी रचना करीत. वेअरहाउस सोडल्यावर त्यांनी ‘पॉवर प्लांट’ हा स्वतःचा क्लब सुरू केला. तेथे त्यांनी डेट्रॉइटचे डीजे डेरिक मे यांच्याकडून घेतलेल्या रोलँड टीआर-९०९ या ड्रम मशीनच्या तालाची जोड तबकड्यांना दिली. वाजविणारा आता घडविणारा झाला होता.

न्यूयॉर्कला परतल्यावर डेव्हिड मोरालेस यांच्यासमवेत ‘डेफ मिक्स’च्या माध्यमातून त्यांनी रिमिक्सला स्टुडिओतील शिस्त दिली. या पद्धतीत मूळ ध्वनिमुद्रणातील प्रत्येक आवाज सुटा मिळतो. गायकाचा स्वर तसाच ठेवून त्याखाली नवा ताल, खर्ज, पियानो आणि तंतुवाद्ये रचली जातात. चाका खान यांच्या ‘एन्ट नोबडी’चे १९८९ मधील रिमिक्स हे त्याचे ठळक उदाहरण.

तरीही श्रेयाचा प्रश्न उरतोच. गीतकार व संगीतकाराला स्वामित्वधन मिळते, तर रिमिक्स करणाऱ्याला बहुधा ठरावीक रक्कम देऊन मोकळे केले जाते. म्हणूनच ग्रॅमी पुरस्कारांमध्ये १९९८ साली रिमिक्सकारासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला, ही घटना महत्त्वाची ठरली. त्याचे पहिले मानकरी नकल्स होते.

मधुमेहाच्या गुंतागुंतीमुळे ३१ मार्च २०१४ रोजी वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या तबकड्यांचा संग्रह शिकागोच्या स्टोनी आयलंड आर्ट्स बँक या संस्थेत जतन केला आहे. ज्या शहराच्या मैदानावर तबकड्या फोडल्या गेल्या, त्याच शहराने त्या आता जपून ठेवल्या आहेत.