गावाचं नाव पाठीशी, पण खेळायचं आपणच

व्हिडिओत राहिलेला एक मुद्दा सांगतो. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर गर्दी का होते? पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नुसती संघांची नावं नाहीत, त्या तालमी आहेत. पोरगं आपल्या गल्लीतलं, म्हणून संघ हरला तरी माणसं पुढच्या मॅचला येतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधवही कोल्हापूरचाच.

आता आपलं बघा. चंदगडचा काजू विकताय? पाकिटावर गावाचं नाव ठळक छापा. त्या नावावर गिऱ्हाईक एकदा येईल. पण प्रेक्षक हार माफ करतो, गिऱ्हाईक खवट काजू माफ करत नाही. आणि नाव तालुक्याचं खराब होतं. म्हणून पाकीट भरण्याआधी रोज चव बघा.