नांगरावरचे गॅसचे जहाज
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. अकोल्यापासून जामखेडपर्यंत कुठेही उभे राहा, खारा वारा लागणार नाही. त्यामुळे मी जहाजावर इंजिनियर होतो म्हटले की लोक विचारतात, “म्हणजे नेव्हीत का?” नेव्हीत नव्हे, व्यापारी जहाजांवर, त्यातही बरीच वर्षे गॅसच्या टँकरवर. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस जहाजांतून, मुख्यतः आखाती देशांकडून येतो. उरणहून तो नळाने शिक्रापूरपर्यंत येतो, आणि शिक्रापूर म्हणजे आपल्या नगर रस्त्यावरचेच की!

धक्का रिकामा नसला तर जहाज बाहेर समुद्रात नांगर टाकून थांबते. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटते, आराम चाललाय. पण जहाजाला नुसता नांगर धरून ठेवत नाही. तळावर आडवी पसरलेली जड साखळीही त्यात मोठा वाटा उचलते. म्हणून पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट साखळी सोडतात. वारा वाढला की नांगर घसरू लागतो, त्यामुळे रात्रंदिवस कोणीतरी किनाऱ्याच्या खुणांवर नजर ठेवून असतो.

गॅसच्या जहाजावर आणखी एक काळजी. मोठ्या जहाजात गॅस सिलिंडरसारखा दाबून नव्हे, तर गार करून, पातळ करून भरलेला असतो. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो. टाकीला कितीही जाड आवरण घाला, बाहेरची उष्णता झिरपतेच. मग थोडा गॅस उकळून वर वाफ जमते. ती ओढून, दाबून, गार करून पुन्हा पातळ केली जाते आणि टाकीत परत सोडली जाते. ही यंत्रे बंद पडली की टाकीतला दाब चढू लागतो. म्हणजे जहाज उभे असले तरी आमचे काम उभेच!

बाकीचा वेळ गंजाशी झुंजण्यात जातो. खलाशी हातोडीने गंज ठोकून काढतात, ब्रश मारतात, रंगाचे हात देतात. एका टोकाचे संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला पुन्हा गंज! पाण्याखालच्या पत्र्यावर जस्ताचे ठोकळे लावतात. खारे पाणी आधी जस्त खाते आणि लोखंड वाचते. जहाजाचा तळ साधारण पाच वर्षांत दोनदा तपासावा लागतो आणि त्यासाठी बहुधा कोरड्या गोदीत जावे लागते. मुंबईची ह्यूजेस गोदी त्यासाठी 1914 पासून आहे. देखभाल बिघडलेले जहाज दुसऱ्याच्या दारात जाते. 2011 साली ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेला ‘पवित’ हा छोटा टँकर वाहत वाहत थेट जुहूच्या किनाऱ्याला लागला होता, हे अनेकांना आठवत असेल.

पण गंजाचा खरा धोका मला एका सकाळी दिसला. आम्ही नांगरावर होतो. समतोलासाठी समुद्राचे पाणी भरतात त्यांपैकी एक टाकी रिकामी करून आतला रंग तपासायचा होता. अनेक महिने बंद असलेले झाकण उघडले आणि एक उत्साही पोरगा शिडीवर पाय टाकून निघालाच. मी त्याला कॉलरला धरून मागे ओढले. तो रागावला. आत ना गॅस, ना वास. साहेब उगाच घाबरतात! मग नळी खाली सोडून हवा मोजली. बाहेर प्राणवायू 21 टक्के, टाकीच्या तळाशी 14. लोखंड गंजते म्हणजे हवेतला प्राणवायूच खाते, आणि बंद टाकीत नवी हवा कुठून येणार? अशा हवेत आधी डोके चालेनासे होते, त्याहून कमी असेल तर माणूस कोसळतो. त्याला काढायला घाईने उतरणारा दुसराही तिथेच राहतो.

मला हे पुस्तकाआधी गावात कळले होते. लहानपणी ज्वारीचे पेव उघडले की आजोबा कोणालाच उतरू देत नसत. दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचे. विझला तर पेव उघडेच ठेवून घरी! गॅसच्या जहाजावर कंदील कसा पेटवणार? म्हणून ते यंत्र.

त्या टाकीत आम्ही रात्रभर पंख्याने हवा सोडली. दुसऱ्या दिवशी वर, मध्ये, तळाशी अशी तीन ठिकाणी मोजली. पोरगा सगळ्यात शेवटी उतरला. झाकणापाशी दोरी धरून मी बसलो होतो.