फुस्स... आवाज आला कुठून?

मुलांनो, अजिंठ्याचा घाट तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? जळगावहून लेण्यांची सहल जाते ती घाटाच्या पायथ्याशीच, फर्दापूरला थांबते. पण पुढे सिल्लोडला जायचं तर घाट चढावा लागतो आणि येताना उतरावा लागतो. आजची गोष्ट उतरण्याची आहे.

काही वर्षांपूर्वी सिल्लोडचं लग्न आटोपून आम्ही परत निघालो होतो. दाजींची जुनी डिझेल जीप, मागे माणसं दाटीवाटीनं बसलेली. पुढे दाजींशेजारी माझी भाची. सहावीतली, भारी चौकस!

"पप्पा, तुम्ही ब्रेक दाबला की खालून फुस्स करून आवाज येतो," ती म्हणाली.

"जुनी गाडी आहे गं, आवाज करणारच. गप बस जरा!" दाजी म्हणाले. आम्हीही हसलो.

घाटातलं पहिलंच वळण आलं आणि दाजींचा चेहरा पडला. ब्रेकचा पेडल दगडासारखा कडक! पाठ सीटला टेकवून, सगळं बळ लावलं तेव्हा कुठे गाडी हळू झाली. दाजींनी गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली आणि मुंगीच्या पावलांनी आम्ही घाट उतरलो. फर्दापूर येईपर्यंत कुणाच्या तोंडून शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही अजिंठा चौफुलीजवळच्या एका गॅरेजात गेलो. भाची हट्टानं बरोबर आलेली. दाजी म्हणाले, "मिस्त्री, ब्रेक ऑइल टाका, लायनर बदला."

मिस्त्रीकाका धुळ्याकडचे. ते म्हणाले, "थांबा भाऊ. आधी सांगा, पेडल नरम झाला का कडक?"

हा प्रश्न फार महत्त्वाचा बरं का! पेडल स्पंजासारखा नरम लागला तर बहुधा ब्रेक ऑइलच्या नळीत हवा शिरलेली असते, किंवा ऑइल कुठेतरी गळत असतं. पण पेडल कडक झाला, तर पहिला संशय सर्व्होवर. गॅरेजात त्याला बूस्टर म्हणतात.

बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या पत्र्याला चिकटून एक काळा गोल डबा दिसतो. भाकरीच्या तव्याएवढा. तोच हा सर्व्हो. डब्याच्या आत मधोमध रबरी पडदा असतो. इंजिन चालू असताना डब्यातली हवा एका नळीतून ओढली जाते. पेट्रोलच्या गाडीत हे काम बहुतेक वेळा इंजिनच करतं, डिझेलच्या गाडीत त्यासाठी वेगळा व्हॅक्युम पंप असतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंना अशी पोकळी तयार झाली, की डबा तयार.

आता ड्रायव्हरनं पेडल दाबला, की एका बाजूची झडप उघडते आणि बाहेरची हवा आत घुसते. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पोकळी! हवा पडद्याला ढकलते, पडदा दांड्याला ढकलतो आणि ब्रेक लागतो. म्हणजे पाय दाबतो थोडंच, बाकीचं काम हवा करते.

हवेत एवढा जोर? चला, गणित करू. पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा धरा. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. हवा दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो वजनाइतका दाब देते. डब्यातली पोकळी पूर्ण नसते, म्हणून ०.७ किलोच धरू. ३१४ गुणिले ०.७ म्हणजे जवळजवळ २२० किलो! धान्याची ५० किलोची पोती चार रचली, तरी त्याहून जास्त.

जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहरात ऑटो फॉन गेरिके यांनी १६५७ साली धातूचे दोन अर्धगोल जोडून त्यांच्यातली हवा काढून घेतली होती. दोन्हीकडून आठ-आठ घोडे जुंपले, तरी ते सहज सुटेनात! हाच जोर बेल्जियमचे इंजिनियर अल्बेर दवांद्र यांनी १९२७ साली मोटारीच्या ब्रेकला जोडला.

तुम्हीही हा जोर अनुभवू शकता. सुई नसलेली, नवी कोरी सिरिंज घ्या. दट्ट्या पूर्ण आत ढकला, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या मागे ओढून सोडा. सट्‌कन आत जातो ना? बाहेरच्या हवेनंच त्याला ढकललं.

आता मिस्त्रीकाकांची तपासणी पाहा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले.

पहिली परीक्षा : इंजिन बंद ठेवून त्यांनी पेडल चार-पाच वेळा दाबला. उरलीसुरली पोकळी संपली. मग पेडल दाबून धरला आणि इंजिन चालू केलं. सर्व्हो चांगला असेल तर या वेळी पेडल पायाखाली थोडा खाली जातो. आमचा हललासुद्धा नाही. नापास!

दुसरी परीक्षा : डब्याची नळी काढून, इंजिन चालू ठेवून तिच्या तोंडावर बोट ठेवलं. बोट चटकन ओढलं गेलं. म्हणजे पंप ठीक, नळी ठीक.

तिसरी परीक्षा : नळीच्या टोकाची एकेरी झडप फुंकून पाहिली. हवा डब्याकडून इंजिनाकडे जायला हवी, उलट नाही. तीही पास.

नळी पुन्हा बसवली. इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरला, तर फुस्स... आवाज थांबेचना! मिस्त्रीकाका म्हणाले, "डब्यातला पडदा फाटला." आहे की नाही ही वजाबाकी? पंप वजा, नळी वजा, झडप वजा, उरला तो चोर! डबा नवीन बसवला आणि पहिली परीक्षा पुन्हा घेतली. पेडल अलगद खाली गेला.

"हा आवाज आधी कोणाला आला?" काकांनी विचारलं. दाजींनी मान खाली घालून लेकीकडे बोट दाखवलं. काका हसले. "गाडी बोलस, पन कोनी आयकत नही!" म्हणजे गाडी बोलते, पण कुणी ऐकत नाही.

जाता जाता त्यांनी दाजींना आणखी एक विचारलं, "डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करता का?" दाजी गप्प. इंजिन बंद झालं की नवी पोकळी तयार होत नाही. साठलेल्या पोकळीवर ब्रेक दोन-तीनदा नीट लागतो, मग पेडल कडक! अर्धा लिटर डिझेलसाठी घाटात एवढी जोखीम?

मुलांनो, या तपासण्या तुम्ही स्वतः करायच्या नाहीत. ते काम मोठ्यांचं आणि मिस्त्रींचं. पण कान तुमचे तीक्ष्ण आहेत. गाडीत वेगळा आवाज आला तर सांगा. "गप बस" म्हटलं, तर गाडी थांबल्यावर पुन्हा सांगा.

आणि पालकहो, तुम्ही एवढंच करा. पोरांनी सांगितलं तर घाटाच्या आधी गाडी बाजूला घ्या आणि एकदा ऐकून पाहा. आमचे दाजी आता घाटाच्या तोंडाशी लेकीला विचारतात, "काय गं, काही ऐकू येतंय का?"