नावाने तांबडे

आषाढी एकादशीला रताळ्याचा कीस भक्तिभावाने खाणाऱ्या गृहस्थास, तुमच्या ताटात रक्त आहे, असे कोणी सांगितले तर तो पानावरून उठेल. परंतु शब्दांच्या वंशावळीपुरते बोलायचे तर ते विधान सर्वस्वी खोटे नाही. हा कंद मूळचा अमेरिकेतला असला, तरी त्याचे नाव संस्कृत ‘रक्तालु’ या शब्दापासून आलेले आहे, आणि कोकणातील रातांब्याची व्युत्पत्तीही ‘रक्ताम्र’, म्हणजे तांबडा आंबा, अशीच सांगतात. या दोन्ही ठिकाणी ‘रक्त’ म्हणजे धमन्यांतून वाहणारा द्रव नव्हे, तर रंगलेले, आणि सर्व रंगांत जो डोळ्यांत भरतो त्या तांबड्याने रंगलेले, एवढाच त्याचा अर्थ. ‘रञ्ज्’, म्हणजे रंगणे, या धातूपासून निघालेले ते एक साधे विशेषण आहे. आणि गवयाचा राग, यजमानाचा राग, नाटकातले मनोरंजन व साधूची विरक्ती ही सारी त्याच कुळातली असल्यामुळे त्यांचे परस्परांशी नाते अगदी अक्षरशः रक्ताचे आहे!

अमरकोशात या द्रवाची सात नावे दिली आहेत: रुधिर, असृज्, लोहित, अस्र, रक्त, क्षतज आणि शोणित. त्यांतील क्षतज हे जखमेतून निघणारे म्हणून पडलेले नाव बाजूला ठेवले, तर रुधिर, लोहित, रक्त व शोणित ही चारही मुळात रंगवाचक विशेषणे आहेत. त्यांपैकी रुधिर हा शब्द इंग्रजांच्या ‘रेड’चा आणि ग्रीकांच्या ‘एरिथ्रॉस’चा सहोदर असल्यामुळे, डॉक्टर जेव्हा तांबड्या पेशीला ‘एरिथ्रोसाइट’ म्हणतात, तेव्हा नकळत आपल्याच रुधिराच्या एका आप्ताचे नाव घेत असतात. या हुद्द्यावरचा मूळचा मानकरी मात्र ‘असृज्’ होय. त्याचा एक भाऊबंद आजच्या तुर्कस्तानात साडेतीन हजार वर्षांपूर्वी राज्य करणाऱ्या हित्तींच्या मृत्तिकालेखांत ‘एश्हर’ या रूपाने सापडतो, आणि तेथे त्याचा अर्थ रक्त असा आहे तसाच मनुष्यवध असाही आहे. हे वाचून मराठी माणसाला आपल्या ‘खून’ या शब्दाची आठवण व्हावी. फारसीत खून म्हणजे निव्वळ रक्त. परंतु मराठीत त्याचा हा मूळ अर्थ राहिला नाही, आणि आज तो फौजदारी मामल्यातच, फिर्याद व पंचनामा यांच्या संगतीने, भेटतो. मराठीत रक्तपेढी असते, खूनपेढी नसते, ही गोष्ट हिंदी भाषकाला मौजेची वाटते.

या द्रवास रंगावरूनच नाव का मिळावे, याचा सुश्रुतसंहितेत मोठा मार्मिक विचार आहे. अन्नापासून प्रथम वर्णहीन असा ‘रस’ तयार होतो, आणि तो यकृत व प्लीहा यांच्या ठिकाणी रंग पावला म्हणजे त्यास रक्त म्हणावयाचे. गर्भावस्थेत रक्तपेशी यकृतात तयार होतात आणि जन्मानंतर ते काम अस्थिमज्जेकडे जाते, हे आज ज्ञात आहे. तेवढ्यावरून पूर्वजांना सर्व ठाऊक होते असा डांगोरा पिटण्याचे कारण नाही, पण रंग आणि द्रव या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे त्यांनी ओळखले होते. रक्त काचेच्या नळीत गोठू न देता ठेवले, तर वर उरणारा निम्म्याहून अधिक द्रव गवताच्या काडीसारखा पिवळसर दिसतो. सारा तांबडेपणा खाली बसलेल्या पेशींतील हिमोग्लोबिनाचा, आणि तोही त्यातील लोहाभोवतीच्या रचनेचा.

येथे शब्दांनी मोठी गंमत केली आहे. आपण ज्याला तांबडे म्हणतो ते तांब्यावरून, आणि ‘लोह’ हे नावही पूर्वी तांबूस धातूचे, म्हणजे तांब्याचेच होते. वस्तुतः आपल्या रक्ताला तांबडे करते ते लोखंड, आणि तांबे ज्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम करते त्या खेकड्याचे रक्त निळसर असते. दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रात तर असे हिममासे आहेत की ज्यांच्या अंगी हिमोग्लोबिनच नाही. त्या थंडगार पाण्यात प्राणवायू अधिक विरघळत असल्यामुळे त्यांचा संसार जवळजवळ पारदर्शक रक्तावर चालतो. व्याकरणाच्या काटेकोर न्यायाने त्याला रक्त म्हणताच येणार नाही. आणि त्याच न्यायाने आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘श्वेत रक्तपेशी’ म्हणजे पांढऱ्या तांबड्या पेशी ठरतात.

रंगाने एकच दिसणारे रक्त सर्वांचे एकच नसते, हे व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखविले आणि ए, बी, ओ या अक्षरांची भर या शब्दसंग्रहात पडली. त्यात आपल्याही प्रांताचा एक शब्द आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी मुंबईतील अशा रक्ताची नोंद प्रसिद्ध केली, की ज्याच्या तांबड्या पेशींवर ए आणि बी नव्हतेच, पण ओ गटातही असणारे ‘एच’ हे प्रतिजनसुद्धा नव्हते. साध्या तपासणीत हे रक्त ओ गटाचे भासते. परंतु त्या माणसाला ओ गटाचे रक्त दिले तर त्याच्या जिवावर बेतते, आणि केवळ त्याच दुर्मीळ गटाचा दाता शोधावा लागतो. या गटास नाव मिळाले ते शहराचे. पुढे १९९५ साली शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले. वैद्यकाच्या दप्तरी मात्र तो अद्याप बॉम्बे रक्तगटच आहे.